केमोचा घरी न्यायचा बाटलीवाला पंप: आमचा रिव्ह्यू

आईचं कोलन कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग फॉलफॉक्स केमो लागली. म्हणजे दर दोन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या डे केअरला जायचं, खुर्चीत बसून दोनेक तास ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन घ्यायचं, आणि त्यानंतर फाइव्ह-एफयू नावाचं औषध 46 तास अगदी हळूहळू जायचं असतं. तेवढ्यासाठी अ‍ॅडमिट व्हायला नको म्हणून हा पंप लावून घरी पाठवतात.

दिसायला सेम बाळाची दुधाची बाटली. आत फुगा असतो, औषध भरलं की फुगतो आणि मग आकसत आकसत औषध छातीतल्या पोर्टमधून (कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिच्यात सुई टोचून ठेवतात) आत ढकलत राहतो. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, टीं टीं नाही. हॉस्पिटलच्या मशीनशेजारी रात्र काढलेल्यांना याची किंमत कळेल. आई स्वतःच्या पलंगावर झोपली, सकाळी चहाला उठून माझ्या चहात साखर कमी आहे हेही सांगून झालं!

पण स्क्रीनच नसल्यामुळे औषध जातंय की नाही तेच कळत नाही. पहिल्या रात्री मी मोबाईलचा टॉर्च मारून बघतेय आणि बाटली जशीच्या तशी. फुगा बारीक झालेला कळायला बराच वेळ लागतो, म्हणून सिस्टरनी सांगितलं की दर काही तासांनी एकाच बाजूनं फोटो काढा आणि ताडून बघा, क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आहे ना, नळी कुठे दुमडली नाही ना तेवढं पाहा. नळीवरचा एक छोटा तुकडा टेप लावून कातडीला चिकटवलेला असतो, तो सुटू द्यायचा नाही कारण औषधाचा वेग अंगाच्या उबेवर धरलेला असतो. शेकायची पिशवी पण त्याच्या आसपास नको.

सोबत मिळालेली पट्ट्याची पिशवी मात्र एकदम बेकार. शर्ट-पँटवाल्यांसाठी ठीक असेल, साडीवर कशी अडकवायची? शेवटी मावशीनं ब्लाऊजपीसचा लांब नाडीचा बटवा शिवून दिला, तो गळ्यात घालून आई घरभर फिरते, कोणी विचारलं तर म्हणते पैसे आहेत त्यात.

बोटांना झिणझिण्या, गार पाण्यानं घसा आवळल्यासारखा होणं, हे पंपामुळे नाही हं, ते ऑक्सॅलिप्लॅटिनचं. आमच्याकडे फ्रीज उघडायचं काम माझं, माठ पण बंद, आईला फक्त कोमट पाणी. आणि औषध गळताना दिसलं तर उघड्या हातानं पुसायला जाऊ नका, क्लॅम्प बंद करून लगेच डे केअरला फोन. म्हणून हातमोजे आणि तो नंबर आधीच समोर ठेवा. ताप 100.4 च्या वर गेला तरी त्याच नंबरवर, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

माझ्याकडून पाचात चार स्टार, एक त्या पिशवीसाठी कापला.

तारीख घेताना एक विचारून घ्या: शुक्रवारी लावला तर 46 तास रविवारी संपतात, तेव्हा सुई काढायला डे केअर उघडं असणार आहे का? आम्ही सोमवार मागून घेतो, बुधवारी मोकळं.