विक्रेत्याची सगळी तपासणी केली, तरी १९,००० रुपये गेले

मुलीला शाहूपुरीहून पोवई नाक्याला क्लाससाठी जाता यावे म्हणून जुनी स्कूटर घ्यायची होती. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर ‘सातारा’ हे ठिकाण टाकून शोधताना एमएच ११ क्रमांकाची स्कूटर ३४,००० रुपयांना दिसली. माझे दिवसभराचे काम संगणकावरच चालते, त्यामुळे विक्रेत्याची माहिती काढल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, असे मी ठरवले होते. ती माहिती मी काढली आणि तिच्यावर भरवसा ठेवूनच फसलो, म्हणून प्रत्येक तपासणीत काय दिसले ते सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याचे खाते २०१७ पासूनचे होते. जुने खाते म्हणजे जुना माणूस, असे मी धरून चाललो. पासवर्ड चोरून दुसऱ्याचे खाते वापरता येते, हे तेव्हा मनातही आले नाही. वाहनांची नोंदणी दाखवणाऱ्या सरकारी एम-परिवहन ॲपमध्ये क्रमांक टाकल्यावर गाडीचे मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत सगळे जुळले. मालकाचे नाव तिथे मधली अक्षरे झाकून दाखवतात. जी अक्षरे दिसत होती, ती विक्रेत्याने सांगितलेल्या नावाशी जुळत होती. अनोळखी नंबराचे नाव दाखवणाऱ्या ॲपवर त्याच नावापुढे ‘आर्मी’ असे आले. अशा ॲपमधले नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे साठवलेले असते त्यावरून येते, त्यामुळे काही फोनांत स्वतःचा नंबर हव्या त्या नावाने साठवला की काम होते, हे मला नंतर कळले. स्कूटरच्या फोटोवरून इंटरनेटवर शोध घेतला, तर दुसरीकडे कुठे तो सापडला नाही. पण व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवलेला फोटो अशा शोधात येतच नाही.

फोनवरचा माणूस म्हणाला, “काकाजी, मैं कोरेगाव का ही हूँ, फौज में हूँ.” बदली जम्मूला झाली आहे, गाडी पुण्याच्या लष्करी आवारात उभी आहे, तिथून लष्कराच्याच वाहनाने घरपोच येईल, असे त्याने सांगितले. ओळखपत्राचा आणि आरसी बुकाचा फोटो लगेच पाठवला. आपल्या जिल्ह्यात घरोघरी फौजी असलेली अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, माझे स्वतःचे मेहुणे सैन्यात होते. फौजी म्हटल्यावर त्याच्या शब्दावर शंका घेणे मला लाजिरवाणे वाटले, आणि याच आदराचा त्याने फायदा घेतला, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. सौभाग्यवतींनी मात्र त्याच संध्याकाळी विचारले होते, “अहो, कोरेगावचा मुलगा सातारच्या माणसाशी हिंदीत का बोलतोय?” मी त्याला विचारले, तर युनिटमध्ये राहून सवय झाली आहे, असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले.

गेट पाससाठी २,१५० रुपये, मग वाहतुकीचे ७,५००, मग विम्याच्या हस्तांतराचे ९,३५०, आणि प्रत्येक वेळी ही रक्कम गाडीच्या किमतीतून वजा होईल असे आश्वासन. पैसे पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तिथे भलत्याच माणसाचे नाव होते. ‘आमच्या क्लार्कचे खाते आहे’ एवढ्या उत्तरावर मी पिन टाकला. चौथ्यांदा, जास्त गेलेले पैसे परत करतो म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले, तेव्हा मी भानावर आलो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो.

तासाभरात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवावा. शेवटच्या रकमेतले ४,२०० रुपये त्या खात्यात शिल्लक होते, ते गोठवले गेले. आधीचे पैसे पुढे निघून गेले होते. त्यानंतर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. तोतयेगिरी करून संगणकाच्या साहाय्याने फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आरसी बुकावर पत्ता होता, म्हणून पुढच्या रविवारी मी कोरेगावला गेलो. स्कूटर दारातच उभी होती, डाव्या बाजूला फोटोत दिसणाऱ्या त्याच ओरखड्यासह. मालक किराणा दुकान चालवतात, सैन्याशी त्यांचा काही संबंध नाही. वर्षभरापूर्वी त्यांनी गाडी विकायला काढली होती आणि चौकशी करणाऱ्या एका ‘फौजी ग्राहकाला’ आरसी बुकाचा फोटो पाठवला होता. मग विचार बदलून गाडी ठेवून घेतली. मी माझ्या फोनमधला तो फोटो त्यांना दाखवला. त्यात कागदाच्या कडेला अंगठा आणि खाली निळ्या फुलांचे मेणकापड दिसत होते. ते काही न बोलता आत गेले आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी घेऊन गेले. टेबलावर तेच मेणकापड होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपल्या कागदपत्रांच्या गैरवापराची तक्रार दिली, आणि आता कोणालाही कागदाचा फोटो पाठवताना ते त्यावर आडवे ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख टाकतात.