आयआर डिकोडरची टेस्ट: आरसी-लूपबॅक की टेबलावरचा खरा एलईडी?

लिनक्स कर्नलमधल्या एखाद्या आयआर डिकोडरला, म्हणजे रिमोटच्या इन्फ्रारेड सिग्नलमधून बटण ओळखणाऱ्या कोडला, हात लावायचा म्हटलं की आधी ठरवावं लागतं, टेस्ट कशावर मारायची? एक रस्ता म्हणजे कर्नलमधलाच आरसी-लूपबॅक हा खोटा ड्रायव्हर लोड करायचा. दुसरा म्हणजे रास्पबेरी पाय ह्या छोट्या बोर्ड-संगणकाला एलईडी आणि रिसीव्हर जोडून खराखुरा प्रकाश खोलीतून फिरवायचा. दोन्ही मी वापरलेत. पल्स-स्पेस (प्रकाश किती वेळ चालू, किती वेळ बंद) म्हणजे काय, स्कॅनकोड (बटणाचा आकडा) कुठून येतो, लिर्कचा नोड (आयआर पाठवण्या-ऐकण्याची डिव्हाइस फाइल) कुठे दिसतो हे तुम्हाला ढोबळमानाने ठाऊक आहे असं धरून चालतो.

मीडिया सेंटरवाला यूएसबी ट्रान्सीव्हर (आयआर पाठवणारं आणि ऐकणारं तयार उपकरण) हाही एक पर्याय आहे, पण तो मी लगेच बाजूला ठेवला. तो वेळ ५० मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांमध्ये मोजतो आणि मध्ये त्याचं स्वतःचं फर्मवेअर बसलेलं असतं. टीव्ही बघायला झकास, पण डिकोडर तपासायला मला तरी पटत नाही.

लूपबॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते चालतं. मॉड्यूल लोड केलं की एक आरसी डिव्हाइस तयार होतं आणि त्याच्या लिर्क नोडवर जे लिहाल ते फिरून त्याच डिव्हाइसच्या डिकोडरांपुढे येतं. कर्नलच्या सोर्समध्ये सेल्फटेस्टच्या फोल्डरात 'आयआर' नावाची टेस्ट तयारच आहे. ती एकेक प्रोटोकॉल (रिमोटची 'भाषा') चालू करते, रँडम स्कॅनकोड बनवते, कर्नलच्या एन्कोडरकडून पाठवून घेते आणि परत आलेला कोड तोच आहे का ते बघते. एनईसी, आरसी-५, आरसी-६, सोनी, जेव्हीसी, सान्यो, शार्प सगळे एका दमात होतात. रूट लागतं, आणि मॉड्यूल बिल्ड केलेलं नसेल तर टेस्ट फेल न होता नुसती 'स्किप' होते, तेव्हा शेवटची ओळ नीट वाचा. हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. तुमच्या डिकोडरने कर्नल आडवा केला तरी मशीन पुन्हा उठवायचं आणि पुढे जायचं. कॅसान, लॉकडेप वगैरे कर्नलमधल्या मेमरीच्या आणि लॉकच्या चुका पकडणारे तपासनीस चालू ठेवता येतात. ट्रान्स-हार्बर लोकलला ठाण्याहून बसायला जागा मिळाली तर ऐरोली येईपर्यंत एक पूर्ण रन होऊन जातो.

टेबलावरचा लूप स्वस्त आहे. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एलईडी आणि तीन पायांचा रिसीव्हर, बस्स. लॅमिंग्टन रोडला १७३८ (टीएसओपी१७३८ हा ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर) मागितलात तर दुकानदार त्याच्या जागी चालणारं काहीतरी देईल. छापील नंबर नीट बघून घ्या, कारण डेटाशीट त्या नंबरची वाचायची आहे. रास्पबेरी पायवर एक बारीक गंमत आहे. आयआर ऐकण्याचा ओव्हरले (कुठल्या पिनवर काय जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल) आणि पाठवण्याचा ओव्हरले, दोघांचीही डीफॉल्ट पिन जीपीआयओ १८ आहे. म्हणजे दोन्ही एकदम हवे असतील तर एकाला हलवावंच लागतं.

त्याहून मोठी भानगड पाठवण्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे. जीपीआयओ-आयआर-टीएक्स हा ड्रायव्हर ३८ किलोहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे पल्स चालू असताना एलईडीचं वेगाने लुकलुकणं, सॉफ्टवेअरनेच ठोकतो, आणि फ्रेम संपेपर्यंत त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवतो. ऐकणारा ड्रायव्हर मात्र प्रत्येक कड, म्हणजे सिग्नलचा चढ किंवा उतार, इंटरप्टवरच टिपतो. दोघे एकाच कोअरवर आले की आपणच पाठवलेलं आपल्याला ऐकू येत नाही. एकच कोअर असलेल्या जुन्या पाय झीरोवर तर नशिबाचाही भाग उरत नाही. मग कॅरियर हार्डवेअरकडून बनवून घेणारा पीडब्ल्यूएमवाला ड्रायव्हर वापरा, नाहीतर दोन रास्पबेरी पाय घ्या. हे सगळं सुटतं, एकदा बसवलं की विसरताही येतं, त्यामुळे ह्याला मी फार दोष देणार नाही.

माझं मन वळलं ते वेगळ्याच त्रासाने. टेबलावरच्या लूपवर टेस्ट फेल झाली की ती कोणामुळे फेल झाली ते कळत नाही.

आमचा फ्लॅट घोडबंदर रोडला, कामाच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. सकाळी सगळे प्रोटोकॉल हिरवे. दुपारी चारनंतर ऊन थेट टेबलावर येतं आणि आरसी-६ मध्येच एखादा कोड गाळायला लागतो. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, रिसीव्हरमधलं ऑटोमॅटिक गेन आपली संवेदनशीलता खाली आणतं, आणि तुम्ही मात्र तासभर आपल्याच पॅचमध्ये चूक शोधत बसता. पडदा ओढला की तोच पॅच पास. इलेक्ट्रॉनिक चोक असलेली ट्यूबलाइटही ह्यात आली, तिचा प्रकाश कॅरियरच्या आसपासच्याच वेगाने लुकलुकतो. आमच्याकडची कुठली ट्यूब किती त्रास देते हे मी काही मापून बघितलेलं नाही, पण ती बंद केल्यावर लॉग शांत होतो एवढं नक्की.

आणि घरची माणसं. हॉलमध्ये बाबा बातम्या लावतात, आवाज वाढवतात, आणि दार उघडं असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटचा प्रकाश भिंतीवरून उडून माझ्या रिसीव्हरवर येतो. लॉगमध्ये रँडम स्कॅनकोडांच्या रांगेत मधूनच एक ओळखीचा ॲड्रेस, लागोपाठ चारदा: आवाज, आवाज, आवाज, आवाज. आता खोलीतला पंखाही रिमोटवर चालतो, त्याचा कोड वेगळा. "बाबा, पाच मिनिटं चॅनेल बदलू नका" हे एकदा सांगता येतं. रोज सांगायला लागलात तर रिमोट तुमच्याच हातात देऊन ते फिरायला निघून जातात.

ह्यातली एकेक गोष्ट सुटण्यासारखी आहे. पण एकूण परिणाम असा होतो की लाल निकाल दिसला की आपण पहिलं काय करतो? परत रन मारतो. हिरवा आला की पुढे जातो. ही सवय एकदा लागली की खरा बगसुद्धा 'ऊन असेल' म्हणून निसटतो. माझ्या मते टेस्टची किंमत तिथेच संपते.

काही फेल तर हार्डवेअरच्या स्वभावातच असतात. आरसी-एमएम ह्या प्रोटोकॉलमधला पल्स जेमतेम सहा सायकलींचा असतो, आणि साधे ३८ किलोहर्ट्झवाले रिसीव्हर निदान दहा सायकली मागतात. तिथे कर्नल कितीही बरोबर असला तरी निकाल लालच येणार. आरसी-५ आणि आरसी-६ चा कॅरियर ३६ चा, सोनीचा ४० चा. जवळून ३८ च्या रिसीव्हरवर चालून जातात, पण पल्सची लांबी थोडी बिघडते. ३८ किलोहर्ट्झची एक सायकल २६ मायक्रोसेकंदांची आणि रिसीव्हर अशा काही सायकली इकडेतिकडे करू शकतो. एनईसीच्या ५६३ मायक्रोसेकंदांच्या एककात ते खपून जातं. आरसी-६ च्या ४४४ मध्ये कमी खपतं, म्हणून उन्हात तोच आधी माना टाकतो.

"मग खोक्यात घाल ना सगळं," असं ऑफिसातल्या एकाने सुचवलं. घातलं. ऊन थांबलं, बाबांचा रिमोट थांबला. पण आत एलईडी रिसीव्हरच्या अगदी तोंडाशी आला, सिग्नल इतका जोरात की पल्स आणखी ताणले गेले. अंतर, कोन, भिंतीवरून येणारं परावर्तन, ज्याच्यासाठी खरा प्रकाश हवा होता ते सगळं खोक्याबाहेरच राहिलं. मग तोही लूपबॅकच झाला, फक्त सोल्डरिंगसकट.

एवढं झाल्यावर लूपबॅकची उणी बाजू न सांगणं बरोबर नाही, आणि ती लहान नाही. कर्नलमध्ये एखाद्या प्रोटोकॉलचा एन्कोडर आणि डिकोडर एकाच फाइलमध्ये राहतात आणि वेळेचे तेच आकडे दोघेही वापरतात. एनईसीचं एकक तिथे चुकीचं लिहिलं तर पाठवणारा चुकीचं पाठवेल, ऐकणारा तेच चुकीचं बरोबर मानेल आणि टेस्ट पास होईल. आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवायचा, त्यातला प्रकार. वर लूपबॅकमध्ये मायक्रोसेकंदाचाही फरक पडत नाही, त्यामुळे डिकोडर किती वेडंवाकडं सहन करतो हे कळतच नाही.

आणखी दोन गोष्टी सेल्फटेस्ट बघतच नाही. आरसी-५ मध्ये प्रत्येक नव्या दाबाला टॉगल बिट उलटतो. कर्नलचा एन्कोडर तो कायम शून्यच पाठवतो. म्हणजे तेच बटण दोनदा दाबलं की धरून ठेवलं, हा फरक ओळखणारा भाग ह्या टेस्टने तपासलाच जात नाही. एनईसीत बटण धरून ठेवलं की पूर्ण फ्रेम परत येत नाही, ९ मिलिसेकंदांचा पल्स आणि सव्वादोनची स्पेस असलेली आखूड रिपीट फ्रेम येते. तीही एन्कोडर बनवत नाही. खरा रिमोट मात्र दोन्ही गोष्टी न सांगता करतो. इथे टेबलावरच्या लूपचं, निदान त्यातल्या रिसीव्हरचं, पारडं जड आहे हे मान्य.

पण ह्याला एक मधला रस्ता आहे, आणि म्हणूनच माझा कल शेवटी लूपबॅककडे गेला. खरा रिमोट रोज लागत नाही, एकदाच लागतो. आयआर-सीटीएल ह्या कमांडने त्याचे पल्स-स्पेस रेकॉर्ड करून फाइलमध्ये ठेवायचे आणि तीच फाइल लूपबॅकच्या लिर्क नोडवर पाठवायची. ती साधी टेक्स्ट फाइल असते. आदर्श एनईसी फ्रेम 'पल्स ९०००, स्पेस ४५००, पल्स ५६३, स्पेस ५६३' अशी सुरू होते. खऱ्या रिसीव्हरमधून आलेली बघाल तर 'पल्स ९०८०, स्पेस ४४१०, पल्स ६३०, स्पेस ५००' अशा धर्तीची दिसेल: पल्स फुगलेले, स्पेस तेवढ्याच आखडलेल्या, बेरीज जवळपास तीच. तुमच्या डिकोडरला खऱ्या जगात जे खायला मिळणार आहे ते हेच. आणि ते दर वेळी अगदी तेच मिळतं, ऊन असो वा नसो.

आयआर-सीटीएलला नुसता स्कॅनकोड दिला तरी तो त्याचे पल्स यूजरस्पेसमध्ये, स्वतःच्या कोडने बनवतो. कर्नलचा एन्कोडर मध्ये येत नाही. म्हणजे वर म्हटलेल्या पेपरला निदान दुसरा परीक्षक मिळतो.

मग मी त्या फाइलींवर मुद्दाम घाण टाकतो. छोटी स्क्रिप्ट प्रत्येक पल्स थोडा ताणते, स्पेस तेवढी कापते, मधूनच एखादा काही मायक्रोसेकंदांचा काटा घुसवते. रँडमचा सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून रँडम सुरू होतं तो, लिहून ठेवायचा. डिकोडर कुठल्या ताणाला सोडून देतो ते दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच सीड दिला की तोच फेल, त्याच बिटवर परत येतो. टेबलावर मला हे कधीच जमलं नाही. तिथे घाण होतीच, पण मोजलेली नव्हती.

सगळ्यांनी असंच करावं असं म्हणत नाही. तुम्ही ड्रायव्हरच लिहीत असाल, म्हणजे नवा रिसीव्हर, जीपीआयओ, पीडब्ल्यूएम, किंवा रबाळे-महापेकडच्या एखाद्या कंपनीत बोर्ड चालू करायचं काम असेल, तर लूपबॅक तुमच्या कामाचा भाग तपासतच नाही. तिथे एलईडीला पर्याय नाही, पडदे लावा. एसीच्या रिमोटची गोष्ट आणखी वेगळी. तो दर दाबाला तापमान, मोड, पंखा अशी पूर्ण अवस्था लांबलचक फ्रेममध्ये पाठवतो, त्याला कर्नलमधले हे डिकोडर लागूच पडत नाहीत. कच्चं रेकॉर्डिंग आणि रीप्ले एवढंच. आणि नवा प्रोटोकॉल कर्नलमध्ये घालायचा विचार असेल तर आधी बीपीएफ (कर्नल न बदलता त्यात छोटा प्रोग्रॅम चालवण्याची सोय) बघा. कर्नल ४.१८ पासून डिकोडर बाहेरून लोड करता येतो, आयआर-कीटेबल ह्या कमांडबरोबर पल्स-डिस्टन्स, पल्स-लेंग्थ, मँचेस्टर असे तयार साचे येतात, आणि त्यांचीही तपासणी लूपबॅकवर तितकीच सरळ होते.

रेकॉर्डिंग करायला बसाल तेव्हा मात्र हात आखडू नका. प्रत्येक बटण एकदा आखूड दाबा. एक बटण सोडून परत दाबा, म्हणजे टॉगल दोन्ही बाजूंनी मिळतो. एक बटण धरून ठेवा, रिपीट फ्रेमा येईपर्यंत. मग तेच जवळून आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाकडून, शक्य झालं तर रिमोटचे सेल उतरत आले असताना. आणि हे सगळं सकाळी उरकून घ्या.