‘मॉर्मन स्टोरीज’ आणि त्याच्या जोडीचे पॉडकास्ट : गुहागरातून एका श्रोतीचा अभिप्राय

गेल्या उन्हाळ्यात पडवीत बसून वाळलेली सुपारी सोलताना मी मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या, येशूला मानणाऱ्या पंथाविषयीचे पॉडकास्ट ऐकू लागले आणि पावसाळा सरला तरी ते थांबलेले नाही. माझा भाचा अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला आहे. त्याच्या शेजारच्या घरातील मुलाने चर्चला जाणे सोडले, तेव्हा त्याच्या आईने महिनाभर कोणाकडे येणे-जाणे ठेवले नाही, असे भाच्याने फोनवर सांगितले होते. त्या आईला नेमके कशाचे दुःख झाले असेल, हे समजून घ्यावे म्हणून मी पहिला भाग लावला. ज्या घरात गणपती बसतो आणि ज्या दारात शिमग्याला पालखी येते, त्या घरातील माणसांना हे सारे परके वाटेल असा माझाही समज होता. तो चुकीचा ठरला, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण पॉडकास्टमध्ये ती गृहीत धरलेली असते. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केले. १८४४ मध्ये जमावाने त्यांची हत्या केली आणि १८४७ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी ब्रिगम यंग अनुयायांना घेऊन आजच्या युटातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. आज सभासदसंख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, आणि तरुण मुलांनी दोन वर्षे धर्मप्रचाराला जायचे, अशी शिस्त आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ‘वॉर्ड’ची, म्हणजे एका परिसरातील सभासदांच्या मंडळीची, रचना. आपण कोणत्या वॉर्डात जायचे हे आपल्या आवडीवर नसते. ते घराच्या पत्त्यावरून ठरते. पगारी पुरोहित नसतो, शेजारचाच कोणी दंतवैद्य किंवा शिक्षक काही वर्षे बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, होतो, आणि कोणाकडे बाळंतपण झाले की जेवणाचे डबे त्याच वॉर्डातून येतात. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमची वाडीच उभी राहिली.

‘मॉर्मन स्टोरीज’ हा यातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत प्रसिद्ध पॉडकास्टांपैकी एक आहे. जॉन डेलिन यांनी तो २००५ मध्ये सुरू केला. स्वतः शंकांमधून गेल्यानंतरही चर्चमध्ये राहण्याची कारणे लोकांपुढे मांडावीत, हा त्यांचा तेव्हाचा हेतू होता. पुढे त्यांची भूमिका बदलत गेली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये चर्चने त्यांचे सभासदत्व काढून घेतले. मुलाखतीची पद्धत अशी, की पाहुण्याच्या आजी-आजोबांपासून सुरुवात करायची, बालपण, प्रचाराची वर्षे, लग्न हे सारे क्रमाने बोलू द्यायचे, आणि मग पहिली शंका कधी आली ते विचारायचे. त्यामुळे एकेक मुलाखत तीन-चार तासांची होते. मला हा लांबपणा दोष वाटत नाही. माणसाची श्रद्धा कशी घडली हे ऐकल्यावाचून ती कशी ढळली हे कळत नाही, आणि आपल्याकडे या विषयावर कोणाला इतका वेळ सलग बोलू दिल्याचे मी पाहिलेले नाही.

या मुलाखतींत एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘शेल्फ’. न सुटणारा प्रश्न आला की तो मनातल्या फळीवर ठेवून द्यायचा, पुढचा आला की तोही तिथेच ठेवायचा, आणि एके दिवशी वजनाने फळी मोडते. ज्या प्रश्नांनी अनेकांची फळी मोडली ते बहुतेक इतिहासातले आहेत. जोसेफ स्मिथ यांच्या पत्नींची संख्या ३० ते ४० असावी असा काळजीपूर्वक केलेला अंदाज, आणि त्यांतील सर्वांत लहान मुलीला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते ही गोष्ट, चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावरील निबंधात २०१४ मध्ये मान्य केली. १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य, म्हणजे धार्मिक विधी करण्याचा अधिकार, दिले जात नव्हते, याविषयीही असा निबंध आहे. ऐकताना लक्षात येते की पुष्कळांना त्या घटनांपेक्षा अधिक लागले ते हे, की आपल्याला चाळिशीपर्यंत कोणी हे सांगितले नाही. स्वीडनमधील हान्स मॅटसन हे युरोपातील चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी होते. सभासद प्रश्न घेऊन त्यांच्याकडे येत, ते वरिष्ठांना विचारत, आणि समाधानकारक उत्तर मिळत नसे. २०१३ मधील त्यांच्या मुलाखतीत पत्नीही सोबत बोलल्या आहेत. ही मुलाखत मी दोनदा ऐकली.

पती-पत्नींपैकी एकाची श्रद्धा जाते आणि दुसऱ्याची राहते, हा विषय तर जवळजवळ प्रत्येक मालिकेत येतो. ते भाग ऐकताना मला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची आठवण येते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नव्हत्या; त्या काही वर्षांनी, स्वतःच्या वाटेने गेल्या. मधल्या काळात त्यांनी जे सोसले ते मराठी वाचकांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच युटातील एखादी गृहिणी ‘नवरा तोच आहे, पण रविवारी मी बाकावर एकटी बसते’ अशा अर्थाचे बोलते तेव्हा ते समजायला आपल्याला भाषांतर लागत नाही.

एका बाबतीत मात्र मला आपल्यात आणि त्यांच्यात मोठे अंतर दिसले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉर्मन लोक उपवास करतात, आणि सभेत कोणीही उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. त्या साक्षीत ‘माझा विश्वास आहे’ यापेक्षा ‘मला ठाऊक आहे, हे चर्च सत्य आहे’ हेच शब्द अधिक वेळा ऐकू येतात. लहान मुलेही आईने कानात सांगितलेले हेच वाक्य बोलतात. आपल्याकडे मानकरी गाऱ्हाणे घालतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या वेळी कोणाच्या मनात काय आहे हे कोणी विचारत नाही. माझे थोरले दीर देव मानत नाहीत, पण शिमग्याला मुंबईहून येऊन पालखीला खांदा देतात, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. तिथे तसे राहणे फार कठीण आहे, कारण शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागतात. आपल्याकडेही सारे सुखाचे नाही. मान-पानावरून किंवा जमिनीवरून कुटुंबे वाळीत टाकली गेली, त्यात रायगडचे नाव वारंवार आले, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा ३ जुलै २०१७ पासून राज्यात लागू करावा लागला. पण नुसत्या शंकेपायी कोणी वाळीत पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

इतर मालिकांपैकी ‘ॲट लास्ट शी सेड इट’ मला सर्वांत जवळची वाटली. २०२० मध्ये सुरू झालेल्या या पॉडकास्टमध्ये सुझन हिंक्ली आणि सिंथिया विनवर्ड या दोघी चर्चमध्ये राहूनच, तिथल्या स्त्रियांना काय बोलता येत नाही ते बोलतात. रविवारच्या सभेच्या जागेहून वेगळे असे जे मंदिर असते, तिथल्या विवाहाला चर्चचे प्रवेशपत्र नसलेल्या आईवडिलांनाही आत जाता येत नाही, ही गोष्ट मला या पॉडकास्टांमुळेच कळली. २०१९ पर्यंत अमेरिकेत आधी सर्वांसमक्ष लग्न केले तर मंदिरातील विधीसाठी वर्षभर थांबावे लागे. आता ती अट नाही. मुलीचे लग्न लागत असताना आई बाहेर बसून आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. लिंडसे हॅन्सन पार्क यांचे ‘इयर ऑफ पॉलिगमी’ बहुपत्नीत्वाच्या इतिहासासाठी उत्तम आहे, मात्र ते लागोपाठ ऐकू नये. मन जड होते. ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ या वृत्तपत्राचे ‘मॉर्मन लँड’ आटोपशीर आणि बातमीच्या अंगाने जाणारे आहे.

दोषही सांगते. ‘मॉर्मन स्टोरीज’च्या अलीकडच्या भागांत सोडून गेलेल्यांचा आवाज मोठा आहे, आणि राहिलेल्यांची बाजू ऐकण्यासाठी ‘फेथ मॅटर्स’सारख्या मालिकेकडे मुद्दाम जावे लागते. सर्व काही इंग्रजीत आहे. बोलणे संथ असल्याने समजते, पण पंथातील शब्द कोणी फोडून सांगत नाही. ऐकायला पैसे पडत नाहीत. आमच्याकडे दुपारी नेटवर्क टिकत नसल्यामुळे मी रात्री भाग उतरवून ठेवते. नव्याने ऐकणाऱ्यांनी मॅटसन दांपत्याच्या मुलाखतीपासून सुरुवात करावी आणि लगेच ‘ॲट लास्ट शी सेड इट’चे दोन-तीन भाग ऐकावेत. भाच्याच्या शेजारणीने आता पुन्हा येणे-जाणे सुरू केले आहे, आणि मुलगा रविवारी चर्चला न जाता दुपारच्या जेवणाला घरी येतो, असे त्याने परवा कळवले.