धम्म नाग, माहुरझरी: नवरा-बायकोने सोबत विपश्यना करावी का?

नागपूरहून कळमेश्वर रोडने गेलं की माहुरझरी गावाजवळ हे विपश्यनेचं, म्हणजे ध्यान शिकवणारं केंद्र आहे, दहा दिवस मौनात राहून शिबिर करायचं. पहाटे 4 ला घंटा, मोबाईल जमा, वाचायचं नाही लिहायचं नाही, हे सगळं तुम्ही ऐकलंच असेल आणि ते तसंच आहे. मला लिहायचंय ते जोडीने जाण्याबद्दल, कारण जायच्या आधी मी यावर शोधत होते तेव्हा कामाचं काही सापडलंच नाही.

बाया आणि माणसं पूर्ण वेगळे. राहणं, जेवण, फिरायची जागा, सगळंच. हॉल तेवढा एक, पण एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला आपण, आणि खाणाखुणा करायच्या नाहीत, नजरेनेही बोलायचं नाही, याला आर्य मौन म्हणतात. घरी आमचं बोलणं तसंही गॅस बुक केला का, पोराची फी भरली का एवढंच उरलं होतं, म्हणून वाटलं मौनाचं काय एवढं. आणि मग हॉलमध्ये ह्यांचा खोकला ऐकू आला. एवढ्या लोकांत तो बरोबर ओळखू आला आणि माझं मनात सुरू झालं, मफलर घेतला असेल का, गोळी कुठल्या खिशात ठेवली सांगितलं होतं का, रात्री झोप लागली असेल का, आणि विचारायची सोयच नाही.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगावर जी संवेदना येईल ती तटस्थपणे बघायची, हवीशी असो की नकोशी. पुढच्या वेळी खोकला आला तेव्हा छाती आवळली, घसा दाटला, मी ते नुसतं बघत राहिले आणि हळूहळू ते ओसरलं. मागे जे उरलं ते फार शांत होतं, माया होती पण त्यात धाक नव्हता. इतकी वर्षं ज्याला मी काळजी म्हणत होते त्यात भीतीच किती होती हे तिथे एकटीने बसल्यावरच दिसलं, सोबत राहून दिसलं नसतं. माझ्यासाठी शिबिराची खरी कमाई हीच.

गोयंका गुरुजींची प्रवचनं रोज संध्याकाळी लावतात, थकलेल्या जिवाला तेवढाच आधार. ते म्यानमारमधले व्यापारी, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि 1969 मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले. सहा मुलांचा संसार केलेला माणूस, पत्नी इलायचीदेवीही सोबत बसायच्या, त्यामुळे घरदार सोडा असा सूर कुठेच नाही. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं होवो अशी, आणि मग मौन सुटतं. ती शेवटी ठेवलीय हे मला फार पटलं, पहिल्या दिवशी तो नुसता शब्द वाटला असता.

जेवण साधं, 11 वाजता. संध्याकाळी 5 ला चहा, मुरमुरे, फळ, बस. तर्रीपोह्याची आठवण येतेच राजेहो! फी नाही, राहण्या-जेवणाचीसुद्धा नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान.

ब्रेकअप झालंय, कुणाला विसरायचंय म्हणून जाणार असाल तर थोडं थांबा, तिथे आठवण आणखी जोरात येते कारण पळायला जागाच नसते. डिप्रेशन वगैरेची ट्रीटमेंट सुरू असेल तर फॉर्ममध्ये खरं तेच लिहा, ते त्यासाठीच विचारतात.

जोडीने जायचं असेल तर फॉर्म दोघांचे वेगवेगळे भरा, ऑनलाइनच आहे, आणि मे महिना टाळा, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. हिवाळ्यात जा, शाल न्या, आणि ह्यांच्या गोळ्या ह्यांच्याच बॅगेत ठेवा.