दहा दिवसांचे मौन आणि त्यानंतरचे घर : विपश्यना शिबिराविषयी

दीड वर्षापूर्वी, माघातल्या थंडीत, मी विपश्यनेचे दहा दिवसांचे पहिले शिबिर पूर्ण केले. संपल्या संपल्या त्याविषयी लिहावे असे फार वाटले होते, कारण परतीच्या एसटीतून दिसणारी ज्वारीची शेतेसुद्धा कोणीतरी नुकतीच धुऊन ठेवल्यासारखी दिसत होती. त्या वेळी लिहिले असते तर ते खरेच असते, परंतु वाचणाऱ्याच्या फारसे उपयोगाचे नसते. स्वयंपाक, नोकरी, फोन आणि नातेवाईक यांपासून कोणालाही दहा दिवस दूर ठेवले तर त्याला थोडा निवांतपणा मिळणारच. खरी परीक्षा घराचा उंबरठा ओलांडून आत आल्यावर सुरू होते, आणि तिचा निकाल हाती यायला वेळ लागतो. म्हणून हा अभिप्राय मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळांमध्ये ‘मित्र उपक्रम’ म्हणून मुलांना दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले जाते, तेव्हा ‘आनापान’ हा शब्द मला आधीपासून ठाऊक होता. मुलांना जे मी रोज करायला सांगते ते स्वतः कधी नीट केलेले नाही, ही गोष्ट मनाला टोचत होती. शिबिराला जाण्याचे पहिले कारण हेच, आणि दुसरे कारण घरातले होते; ते पुढे येईलच.

ही साधना आपल्याकडे आजच्या रूपात आली ती सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे. ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी कुटुंबात जन्मलेले हे उद्योजक तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते आणि त्या दुखण्यापायी १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले. ऊ बा खिन हे त्या देशाचे महालेखापाल. कचेरी सांभाळून साधना शिकवणारे गृहस्थ. केवळ डोकेदुखी बरी व्हावी म्हणून यायचे असेल तर येऊ नका, असे सांगून त्यांनी गोएंकांना प्रथम परत पाठवले होते. रक्तदाब उतरेल का, झोप लागेल का, असे मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगते. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, त्याच वर्षी जुलैत मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले आणि पुढे इगतपुरीच्या डोंगरकुशीत धम्मगिरी हे साधनाकेंद्र उभे राहिले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी आजही प्रत्येक केंद्रात सूचना आणि प्रवचने त्यांच्याच आवाजात ऐकवली जातात, आणि वेळापत्रकही सगळीकडे तेच असते. मी ज्या केंद्रात गेले ते इगतपुरीपेक्षा पुष्कळच लहान, एका तालुक्याच्या गावाबाहेरचे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्यातल्या काही उणिवाही सांगायच्या आहेत.

नाव दहा दिवसांचे असले तरी रजा बारा दिवसांची काढावी लागते. आदल्या दुपारी पोहोचायचे आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचे. पोहोचल्यावर फोन, वह्या, पेन, पुस्तके सगळे जमा करून घेतात. पंचशीलाचे पालन आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन हे बंधनकारक आहे. या मौनात बोलणे तर नाहीच, पण खूण करणे, नजरेला नजर देणे हेही नाही. अडचण आली तर व्यवस्था पाहणाऱ्या धम्मसेविकेशी हळू आवाजात बोलता येते आणि साधनेविषयीची शंका सहायक आचार्यांना विचारता येते. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते, साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा, सातला प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. मधला सारा वेळ, म्हणजे जवळजवळ साडेदहा तास, साधनेचा.

या सगळ्याचे शुल्क काहीही नाही. राहणे, जेवण, शिकवणे यांपैकी कशाचेही पैसे घेत नाहीत, आणि शिबिर पूर्ण न केलेल्या माणसाचे दानही स्वीकारत नाहीत. आपण जेवतो ते अन्न आपल्या आधी येऊन गेलेल्या कोणा अनोळखी साधकाच्या दानातून आलेले आहे, हे चौथ्या-पाचव्या दिवशी ताट धुताना माझ्या लक्षात आले आणि नळापाशी उभी असतानाच डोळे भरून आले. मागण्याचा हक्क नसताना मिळालेल्या गोष्टीची चव वेगळी असते. पैसे भरून गेले असते तर मी गादीविषयी तक्रार केली असती. तेथे तसे करावेसे वाटलेच नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. प्राणायाम नाही, मंत्र नाही, कोणत्या रूपाचे ध्यान नाही; नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा, एवढेच. ऐकायला सोपे वाटते. पहिल्या दिवशी मी सलग चार श्वाससुद्धा मनाशी धरू शकले नाही. परीक्षेचे पेपर, फ्रीजमध्ये राहिलेली मेथी, बावीस वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नात कोणी काय बोलले होते, हे सारे एकामागून एक उभे राहात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रथमच कळले की आत येणारा श्वास डाव्या नाकपुडीच्या कडेला किंचित गार लागतो आणि बाहेर जाणारा ओठाच्या वर, मिशीच्या जागी, अगदी पुसट ऊब ठेवून जातो. एकोणपन्नास वर्षे मी श्वास घेत होते आणि ही ऊब मला ठाऊक नव्हती. शिबिरातील माझा पहिला आनंद तो, आणि अजूनही मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो मिळवण्यासाठी काहीही जमवावे लागले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवली जाते. आता लक्ष डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत एकेका अवयवावरून फिरवायचे आणि जेथे जी संवेदना असेल, दुखणे, खाज, धडधड, मुंग्या किंवा झुळझुळ, तिच्याकडे समतेने पाहायचे. सुखद असेल तर तिला धरून ठेवायचे नाही, दुःखद असेल तर तिला ढकलायचे नाही. तेथून पुढे दिवसातून तीन वेळा तासभराचे ‘अधिष्ठान’ असते. त्या तासात हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा निश्चय करायचा. माझा उजवा गुडघा आधीच अधू आहे. पाचव्या दिवशीच्या बैठकीत चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास तो निखाऱ्यावर ठेवल्यासारखा पेटला. मी पाय हलवणार, तेवढ्यात लक्षात आले की दुखणे गुडघ्यात आहे आणि ‘मलाच का?’ हा आक्रोश दुसरीकडेच, घशाशी आणि भुवयांमध्ये आवळलेला आहे. भुवया सैल झाल्या. गुडघा दुखतच राहिला, पण त्या दुखण्यातही लाटा दिसू लागल्या. चढे, ओसरे, पुन्हा चढे. प्रवचनातून ‘अनिच्च’, म्हणजे अनित्य, हा शब्द तोवर दहा वेळा ऐकला होता. त्या तासात तो माझ्या गुडघ्याने ऐकला.

व्यवस्थेविषयी सांगायचे तर धम्मसेवकांची सेवा मनापासून आवडली. तेही पूर्वीचे साधकच असतात आणि कोणताही मोबदला न घेता स्वयंपाकघरात, धम्मकक्षात राबतात. आमच्या धम्मसेविका बाई उठायला उशीर झालेल्या खोलीच्या दारात छोटी घंटी अशा हळुवारपणे वाजवत की झोपलेल्याला ओशाळे वाटू नये. जेवण साधे आणि चांगले होते : भाकरी-पोळी, वरण-भात, एक पालेभाजी, ताक. संध्याकाळी नव्या साधकांना चहा, कुरमुरे आणि एक फळ; जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. भुकेची भीती बाळगू नये, तिसऱ्या दिवसापासून भूकच कमी होते.

उणिवा होत्या त्याही सांगते. आमच्या निवासाचे छत पत्र्याचे होते, त्यामुळे थंडीतही दुपारी खोली तापत असे. आंघोळीचे गरम पाणी रांगेतल्या शेवटच्या तीन-चार जणींना मिळत नसे. शेजारच्या कार्यालयात सलग दोन रात्री लग्नाची वरात होती आणि तिच्या आवाजाला आमच्या भिंती अडवू शकल्या नाहीत. यातले काहीही शिबिर सोडून जाण्याजोगे नव्हते, पण वयस्कर माणसांनी अर्ज करण्यापूर्वी निवासाची चौकशी अवश्य करावी. खुर्ची किंवा भिंतीचा आधार मागितल्यास मिळतो. तो मागण्यात कमीपणा मानू नये. मी तो सहाव्या दिवशी मागितला आणि आधीच मागायला हवा होता.

एका गोष्टीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण मराठी घरांतून येणाऱ्या पुष्कळांना ती अडते. या दहा दिवसांत जप, पूजा, पोथी, माळ, उदबत्ती सर्व बाजूला ठेवावे लागते. माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी आहे, आणि नामस्मरण हे माझ्यासाठी ‘करण्याचे’ कर्म कधीच नव्हते, ते आपोआप ओठांवर असते. पहिल्या दोन दिवसांत श्वासाबरोबर नाम सहज चालू होई आणि मी अपराध केल्यासारखी दचकत असे. आचार्यांना विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की नामाला येथे कोणी वाईट म्हणत नाही, फक्त ही पद्धत स्वच्छपणे आजमावून पाहण्यासाठी तिला दहा दिवस एकटीला द्या. मला ते पटले आणि मी तसे केले. तरीही माझे मत असे की ही अट अर्जाच्या वेळीच घरातल्या भाविक माणसाला नीट समजावून सांगायला हवी. नियमावलीत ती लिहिलेली असते, पण वाचणे आणि उमगणे यांत अंतर आहे. घरी आल्यावर नाम परत आले, आणि खरे सांगायचे तर ते पूर्वीपेक्षा सावकाश, प्रत्येक अक्षराला जागा देत आले.

आता घराविषयी. माझ्या सासूबाईंना चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. “पेन्शन जमा झाली का गं?” हा प्रश्न त्या सकाळी स्वयंपाकाच्या घाईत सहा-सात वेळा विचारतात. त्यांच्यावर रागावण्यासारखे त्यात काही नाही हे मला कळत होते, तरीही चौथ्या वेळेला माझा आवाज चढायचा, त्या घाबरून गप्प बसायच्या आणि मी शाळेत जाईपर्यंत स्वतःला दोष देत राहायचे. शिबिराहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो प्रश्न आला. हातात उलथणे होते, तव्यावर भाकरी होती. प्रश्न कानावर पडला आणि उत्तर तोंडातून निघण्यापूर्वी मला कानांच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या, छातीच्या मधोमध काहीतरी आवळल्यासारखे झाले, आणि ते मी पाहिले. दोन श्वास, त्याहून अधिक वेळ नाही. पाहिल्याबरोबर ते ओसरू लागले. “झाली हो आई, कालच झाली,” असे मी म्हणाले, आणि आवाज माझाच होता, पण त्यात धार नव्हती. त्या हसल्या. भाकरी जळली नाही.

हे दरवेळी साधते असे मुळीच नाही. दहापैकी चार-पाच वेळा मी उशिरा जागी होते, शब्द निघून गेल्यावर. शिबिरात सांगतात की सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसत जा. मला सकाळचा तास बहुतेक दिवशी मिळतो, संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटे तीही रात्री सर्व निजल्यावर. ज्या आठवड्यात सकाळची बैठक तीन दिवस चुकते, त्या आठवड्यात माझा आवाज पुन्हा चढू लागतो, हे आता इतके नेमके कळते की त्याला पुराव्याची गरज उरलेली नाही. ज्यांना शिबिर म्हणजे एकदा टोचून घेण्याची लस वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. दहा दिवसांत रियाज कसा करायचा ते शिकवतात. रियाज घरीच करावा लागतो.

आणि आनंद? शांतीविषयी बोलणे सोपे आहे, आनंदाविषयी लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. पहाटे पावणेपाचला, मागच्या खोलीत, सासूबाईंच्या घोरण्याचा आवाज आणि नळाला पाणी येण्याआधीची खरखर ऐकू येत असते, अशा वेळी कधीकधी अंगभर अत्यंत सूक्ष्म अशी झुळझुळ जाणवते आणि कशाचीही इच्छा उरत नाही. ते पाच मिनिटे टिकते, कधी तेवढेही नाही. ते हवे म्हणून बसले तर येत नाही. पण त्या दिवशीचा पहिला चहा पिताना आल्याचा तिखटपणा जिभेच्या कडेला लागतो, तो खरोखर लागतो. पूर्वी मी चहा पीत असे तेव्हा मन बसथांब्यावर पोहोचलेले असे.

कोणी जावे? ज्यांना संसार सोडायचा नाही, पण त्यात रोज थोडे कमी होरपळायचे आहे, त्यांनी जावे. नुकतेच मोठे दुःख झाले असेल किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर अर्जात ते स्पष्ट लिहावे, स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि केंद्राने नको म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये. मौनात मनातले पुष्कळ काही वर येते आणि ते पेलण्याची ताकद असावी लागते. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावेसे वाटते असे प्रवचनात सांगितले जाते, आणि माझ्या बाबतीत ते दोन्ही दिवस तंतोतंत तसेच गेले. त्या दिवशी निर्णय घेऊ नये. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांचे भले व्हावे अशी भावना करण्याच्या साधनेनंतर, मौन सुटते. त्या दुपारी शेजारच्या खोलीतली बाई, जिची चप्पल मी नऊ दिवस ओळखत होते, ती माझ्याशी प्रथम बोलली, तेव्हा आम्हा दोघींनाही आधी फक्त हसूच आले.

जाताना सैल कपडे, शाल, मच्छरदाणी, विजेरी आणि साधे घड्याळ न्यावे. माघ-फाल्गुनात गेल्यास पायमोजे दोन जोड अधिक. माझ्या पतीने या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या शिबिरासाठी अर्ज भरला आहे, आणि त्या बारा दिवसांत सकाळच्या भाकऱ्या व पेन्शनचा प्रश्न दोन्ही माझ्याकडे आहेत.