सदर भागातलं चर्चच्या सामानाचं दुकान : सिलिॲकवाल्या पोरीसाठी ओस्त्या घेतल्या त्याचा रिव्ह्यू

दुकान एवढंसं आहे, दोघं आत गेले की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. मेणबत्त्या, रोझरी, मूर्त्या, फर्स्ट कम्युनियनच्या पोरींच्या डोक्यावरच्या पांढऱ्या जाळ्या, सगळं एकावर एक रचून ठेवलंय. पार्किंग तर विचारूच नका, सदर आहे बाप्पा. तरी मी 5 पैकी 4 स्टार देऊन राहिली, ते दुकानवाल्या अंकलमुळे.

माझ्या पोरीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिला चालत नाही, गहू पूर्ण बंद, घरी ज्वारीची भाकर नाहीतर भात. आणि यावर्षी तिचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ओस्ती घ्यायचा दिवस. ओस्ती म्हणजे मिस्सात (आमच्या चर्चच्या मुख्य उपासनेत) देतात ती छोटी पातळ भाकर, आणि ती तर गव्हाचीच असते. नणंदेनं ऑनलाइनची लिंक पाठवली, तांदळाच्या ग्लुटेन-फ्री कम्युनियन वेफर, रेटिंग मस्त, मागवून टाक म्हणे. अंकलला फोटो दाखवला तर म्हणाले, "ताई, हे मिस्सात चालत नाही, मी ठेवतच नाही." बरोबर आहे त्यांचं, कॅथलिक चर्चच्या कायद्यात कॅनन (कलम) 924 मध्ये सरळ लिहिलंय की भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी पाहिजे. ओस्त्या दुकानात, इंटरनेटवर कुठंही मिळायला लागल्या म्हणून 2017 मध्ये व्हॅटिकननं सगळ्या बिशपांना परत पत्र पाठवून आठवण दिली, त्यात पण हेच, ग्लुटेन अजिबात नसलेली ओस्ती चालणार नाही, कमी ग्लुटेनवाली चालेल. अशी ओस्ती गव्हाच्या स्टार्चपासून बनते, अमेरिकेत मिसुरीतल्या बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी तर 0.01 टक्के ग्लुटेनवाली बनवली. अंकलनी ऑर्डर घेतली, पण पहिले डॉक्टरला विचारून या म्हणून बजावलं. विकणारा माणूस असं बोलतो का सांगा.

आता खरा मुद्दा. मिस्सात फादरनी प्रार्थना म्हटली की ओस्ती ख्रिस्ताचं शरीर होते असं आम्ही मानतो. म्हणून पोरगी विचारून राहिली, ओस्तीत येशूच आहे तर मग माझं पोट काऊन दुखेल? आणि आमच्या काही आंटी लोक तर म्हणतात, विश्वास ठेव, फादरनी प्रार्थना म्हटली की काही होत नाही. याचा मला लय राग येतो, कारण चर्च स्वतः असं म्हणतच नाही! 1551 मध्ये चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं जे सांगितलं ते इतकंच की भाकरीचं तत्त्व पूर्ण बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं, पण बाहेरचं रूप भाकरीचंच राहतं. म्हणजे चव तीच, रंग तोच, वजन तेच, आणि ग्लुटेनही तेच, लॅबमध्ये नेली तर गहूच दिसेल. आम्ही ख्रिस्त खरोखर तिथं आहे असं मानतो म्हणून गुडघे टेकतो, आजार चालता होईल म्हणून नाही.

अंकलनी अजून एक गोष्ट सांगितली जी मला कोणी सांगितली नव्हती. मिस्सात ओस्तीसोबत प्याल्यात द्राक्षारसही असतो, पण ओस्तीत अर्धा ख्रिस्त आणि द्राक्षारसात अर्धा असं काही नसतं, दोन्हीत तो पूर्ण असतो, त्यामुळं पोरीनं नुसतं प्याल्यातून घेतलं तरी तिला काही कमी मिळालं असं होत नाही. पण मिस्सात फादर ओस्ती मोडतात तेव्हा तिचा एक छोटा तुकडा प्याल्यात टाकतात, मग तो प्याला तिच्या कामाचा नाही, तिच्यासाठी वेगळा ठेवायला सांगा म्हणे. आमच्या फादरना विचारलं तर ते लगेच हो म्हणाले, छोटा प्याला मी याच दुकानातून घेतला. पॉलिश छान आहे, भाव थोडा जास्त वाटला.

एक स्टार कापला तो पॅकिंगचा. प्रॅक्टिससाठी साध्या ओस्त्यांचं पाकीट घेतलं होतं (बाकीच्या पोरांसाठी, माझी हात लावत नाही), त्यात बऱ्याच तुटलेल्या निघाल्या. आता या फादरनी प्रार्थना न म्हटलेल्या, म्हणजे नुसतं पीठ-पाणी, पोरांनी तुकडे खाऊन टाकले, मिस्सातल्या असत्या तर एकेक कण वेचावा लागला असता. पण पैसे तर पूर्ण दिले ना.

आणि द्राक्षारस मागू नका, पॅरिशचं (आपल्या चर्चचं) पत्र असल्याशिवाय देत नाहीत. कमी ग्लुटेनवाली ओस्ती पाहिजे असेल तर ऑर्डर लवकर द्या, आणि आल्यावर डबा घरी वेगळा ठेवा, साध्या ओस्त्यांना हात लावलेल्या हातानं उघडू नका.