वल्हांडणाच्या पिठासाठी इतवारीतील एक चक्की

पुरीम हा सण आटोपला की आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू, घरांत महिन्याभराने येणाऱ्या वल्हांडणाची (पासओव्हरची) तयारी सुरू होते. या सणात खमीर, म्हणजे फुगलेले किंवा आंबलेले पीठ, घरात ठेवत नाहीत. महिनाभर कपाटे, डबे, पोळपाट-लाटणे, मुलांच्या दप्तरातील बिस्किटांचा चुरासुद्धा तपासला जातो. ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या चौदाव्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात खमिराचा शेवटचा शोध घेतात आणि सापडेल ते सकाळी जाळतात. कोकणातील आमचे पूर्वज या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, म्हणत. नागपुरात या सणाची बेखमीर (न फुगवलेली) भाकरी तयार मिळणे कठीण असल्यामुळे पिठापासूनची सगळी काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते. म्हणून इतवारीतील एका जुन्या दगडी चक्कीबद्दल लिहीत आहे.

पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी भाजून झाली पाहिजे, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण राखण, म्हणजे धान्याला आणि पिठाला ओल लागू नये म्हणून ठेवायचे लक्ष, त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण ओल लागलेल्या गव्हातही खमीर धरण्याची भीती असते. गहू धुऊन वाळवून दळायला देण्याची आपल्याकडची चांगली सवय इथे चालत नाही, आणि दळताना पाण्याचा हबकाही मारता येत नाही. मला या सणाचा आध्यात्मिक गाभा इथेच दिसतो. मिसरमधून (इजिप्तमधून) गुलामी सोडून निघालेल्या आमच्या पूर्वजांना, ज्यांची आठवण हा सण ठेवतो, कणीक फुगण्याइतकीही उसंत नव्हती. आपल्याला मात्र उसंत भरपूर आहे, आणि त्या उसंतीतच दुर्लक्ष होते. पीठ तेच, पाणी तेच, केवळ लक्ष हटल्याने ते फुगते. मनात अहंकारही असाच, कोणी मुद्दाम न कालवता चढतो, असे मला मनापासून वाटते.

या चक्कीच्या मालकांनी हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : “ताई, म्हणजे पाण्याचा थेंब नाही लागला पाहिजे, बरोबर?” त्यांनी दळणाच्या आदल्या संध्याकाळी दगडांना टाकी लावली (छिन्नीने टोचून खाचा पाडल्या), कोरड्या ब्रशने खाचांमधले जुने पीठ काढले, पीठ पडते तिथली कापडी नळी बदलली आणि सकाळी पहिले दळण आमचे धरले. सुरुवातीला पडलेले अर्धा-एक किलो पीठ त्यांनी न सांगता बाजूला काढले. गहू ओतण्याआधी सुपात पसरून प्रत्येक ओंजळ उजेडात धरून पाहिली आणि चिकटलेले, डागाळलेले दाणे वेचून टाकले. त्यांचा धर्म वेगळा. तरी त्या सकाळी राखण त्यांनीच केली, आणि धर्माज्ञेतील काटेकोरपणाचा अर्थ मला प्रवचनांपेक्षा तिथे उभे राहून अधिक उमगला.

पीठ दगडातून तापून येते आणि ऊन पिठात कणीक लवकर फुगते, म्हणून ते लगेच मळायचे नसते. किमान एक रात्र निवू द्यावे लागते. चैत्रातल्या नागपूरच्या उन्हात ही अट अधिकच महत्त्वाची ठरते. त्यांनी पीठ गरम असताना डब्यात भरू दिले नाही, आम्ही नेलेल्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर पसरून ठेवायला जागा दिली. या पिठाच्या भाकरी तव्यावर छान खरपूस झाल्या, कडा करपल्या नाहीत.

उणीव सांगायची तर दळण थोडे जाडसर येते आणि बारीक हवे असल्यास दोनदा दळावे लागते. वजनकाटा बेसन-ज्वारीच्या दळणासाठीही वापरला जातो, तेव्हा गहू घरूनच मोजून न्यावा. टाकी लावण्याचे पैसे वेगळे घेतात. त्या मेहनतीसाठी ते योग्यच आहेत. रामनवमीच्या सुमारास वर्षाचे गहू भरण्याची गडबड सुरू झाली की त्यांना दगड उघडायला सवड मिळत नाही, त्यामुळे पुरीमनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच दिवस ठरवून घ्यावा.